मफलरखालचा बिल्ला

मला लिहायची सवय नाही. नववीत दोनदा नापास झालो, शाळा सुटली, आणि त्यानंतर पेन हातात धरलं ते फक्त ग्रिलची मापं लिहायला. त्यामुळे ही हकिगत नीट जुळवून सांगता येईल की नाही याची धास्ती आहे. गेलं दीड वर्ष मी ती सांगायचं टाळतोय. कारण एवढंच, की तिच्यात मी चांगला दिसत नाही. पण ज्याने त्या शुक्रवारी मला ट्राममधून खाली उतरवलं त्याचे आभार मानायचे, तर आधी मी काय करून बसलो होतो ते सांगावंच लागेल.

मी भोसरीचा. वडील लवकर गेले. आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते. शाळा सुटल्यावर मी फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंगला लागलो. तिथे एकदा पांढरे शर्ट घातलेले दोन तरुण सायकलचा तुटलेला स्टँड जोडून घ्यायला आले, एक हैदराबादकडचा, एक परदेशी. स्टँड जोडून झाला तरी ते गेले नाहीत. माझं नाव विचारलं, घरी कोण असतं ते विचारलं, दुसऱ्या दिवशी आईला भेटायला आले. वडील गेल्यापासून आम्हा दोघांची अशी निवांत चौकशी कोणी केली नव्हती. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. ते येशू ख्रिस्ताला मानतात, दारू, तंबाखू, चहा, कॉफी काही घेत नाहीत, आणि त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून, पगाराशिवाय, सांगतील त्या देशात देवाची सेवा करायला जातात. दीड वर्षाने आईने आणि मी बाप्तिस्मा घेतला. मामाने बोलणं टाकलं. शेडमधली पोरं विचारायची, "काय रे, तांदळाची किती पोती मिळाली?" मी हसून वेळ मारून न्यायचो. पोतं सोडा, धर्म बदलायला मूठभर तांदूळही कोणी दिला नव्हता. पण आपण जे आहोत ते झाकून हसायचं, ही खोड मला तिथेच लागली.

माझी सेवेची वेळ आली तेव्हा वाटलं होतं, बेंगळुरूला पाठवतील. चर्चच्या पत्रात जर्मनी निघालं. आई आधी रडली आणि मग मेसमधल्या सगळ्या बायकांना तिने साखर वाटली. काही आठवडे भाषेचं शिक्षण झालं आणि नोव्हेंबरात मी ड्रेस्डेनला येऊन पडलो.

तिथला आमचा दिवस साडेसहाच्या गजराने सुरू व्हायचा. अर्धा तास व्यायाम, आंघोळ, दुधातले ओट्स, मग धर्मग्रंथाचं वाचन, मग जर्मनचा अभ्यास, आणि दहा वाजता बाहेर. पांढरा शर्ट, टाय, काळा कोट, आणि कोटावर काळा बिल्ला. बिल्ल्यावर 'एल्डर' आणि माझं आडनाव, खाली जर्मनमध्ये चर्चचं नाव, त्यातही येशू ख्रिस्ताचं नाव सगळ्यात ठळक. दिवसभर इमारतींच्या दारांवरच्या घंट्या दाबत फिरायचं. एकेका दारावर वीस-वीस नावांच्या पाट्या. बटण दाबलं की वरून आवाज यायचा, 'काइन इंटरेसं', म्हणजे नको, आणि खट् करून बंद. त्या भागातले बहुतेक लोक देव मानतच नाहीत. ते चिडत नाहीत, फक्त आपल्यामागे कोणीतरी उभं असल्यासारखे आपल्या आरपार बघतात. घरी फोन तेव्हा वर्षातून दोनदाच करता यायचा. सोमवारी अर्धा दिवस आपला असायचा, त्यात कपडे धुणं, बाजार, आईला ईमेल, आणि आमच्या मिशनच्या प्रमुखांना आठवड्याचं पत्र. आणि सगळ्यात मोठा नियम जोडीदाराचा. आम्ही कायम दोघे, एकमेकांना दिसू आणि ऐकू येऊ इतक्या अंतरावर. एकट्याने पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा जायचं नाही.

माझा जोडीदार एल्डर टेलर, अमेरिकेचा, एका दाताच्या डॉक्टरचा मुलगा. वय एकोणीस, उंची सव्वासहा फूट, आवाज मात्र बारीक. त्याचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. माझं चर्चपुरतं. मला पश्चात्ताप, तारण, अनंतकाळ असले शब्द जर्मनमध्ये घडाघडा यायचे, पण दुकानात बादली मागता यायची नाही. मी अडखळलो की टेलर मान हलवायचा, जणू मी बरोबरच बोलतोय. त्याचा चांगुलपणासुद्धा मला टोचायचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी आतून सुकून गेलो होतो. जेवण जाईना. सकाळ-संध्याकाळ गुडघ्यावर बसून पाठ केलेल्या जर्मन प्रार्थना म्हणायचो आणि मनात म्हणायचो, देवा, तू बहुतेक पत्ता चुकलास, हे पत्र दुसऱ्या कोणाचं असणार.

आणि ट्राममध्ये मराठी ऐकू यायचं. ड्रेस्डेनला मोठी युनिव्हर्सिटी आहे, चिप बनवायचे कारखाने आहेत, आपली शिकलेली माणसं पुष्कळ. कोणी फोनवर "अगं, कुकर लावून ठेव, मी पोचतोच" म्हणालं की मी वळून बघायचो. वाटायचं, जाऊन शेजारी बसावं. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, ते विचारतील कुठल्या कंपनीत, कुठल्या कॉलेजात, आणि मग नजर बिल्ल्यावर जाईल. भोसरीतलं ते हसणं मला इथेही ऐकू यायचं. मग मी काय करायचो, मफलर पुढे ओढायचो. आईने सुटकेसमध्ये घातलेला तो मफलर लांब होता, एक वळसा कमी घेतला की बरोबर बिल्ल्यावर उतरायचा. टेलरला वाटायचं, याला थंडी फार वाजते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ट्राममध्ये एक म्हातारे गृहस्थ तिकिटावर शिक्का मारायच्या यंत्राशी झुंजत होते. कानटोपी, स्वेटरवर स्वेटर, आणि तोंडाने चालू, "अरे घे ना बाबा, का भूक नाही तुला?" मी न राहवून म्हणालो, "काका, उलटं धरलंय तुम्ही." त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं तरी गलबलतं. "मराठी!" ते ओरडले. अख्खी ट्राम बघायला लागली. "अरे चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मी, कराड डेपो. लाखो लोकांची तिकिटं फाडली, आणि इथे एक तिकीट मला उभं करीना!" मग एका दमात सगळं सांगितलं. मुलगा मंदार इथे चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, सूनबाईंची पण नोकरी, दोघं सकाळी सातला बाहेर. नातू शाळेत, आणि घरी आला की मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देतो. काकू गेल्यावर मुलाने सहा महिन्यांसाठी आणून ठेवलेलं. "दिवसभर मी आणि तो फ्रीज. दोघंच गुरगुरतो." आणि मग तो प्रश्न आला. "तू रे? युनिव्हर्सिटीत का?"

मफलर बिल्ल्यावर होता. मी म्हणालो, "हो. मेकॅनिकल."

एवढा एकच शब्द, आणि तो किती सहज आला. लोखंडाशी माझा संबंध होता म्हणून असेल. काकांनी माझी पाठ थोपटली, पत्ता कागदावर लिहून दिला, "मंगळवारी ये, थालीपीठ घालतो, तुझ्या या उंच साहेबालाही आण." उतरल्यावर टेलरने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, त्यांनी आपल्याला घरी बोलावलंय. आमच्यासाठी हे केवढं मोठं! तीन महिन्यांत पहिलंच दार आपणहून उघडत होतं. टेलरने रस्त्यातच माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. तो समजला, मी ट्राममध्ये देवाबद्दल बोललो. मी त्याला तसं समजू दिलं.

ती इमारत आमच्या ओळखीची निघाली. महिन्यापूर्वी तिथल्या तळमजल्यावरच्या एका बाईंनी आम्हाला जिन्यातून हाकललं होतं. दारावर पाटी होती लेमान. पांढरे आखूड केस, हातात कुंडीला पाणी घालायची झारी. "या घरात तुमचं काही हरवलेलं नाही," म्हणाल्या होत्या. आता आम्ही त्यांच्या दारावरून वर जायचो तेव्हा त्या पडदा सरकवून बघायच्या.

काकांकडे आम्ही चार मंगळवार गेलो. माझा बिल्ला कोटावर असायचा आणि कोट गेल्या गेल्या मी दारामागच्या खुंटीला लावायचो, बिल्ला भिंतीकडे करून. टेलरचा बिल्ला त्याच्या आतल्या जाकिटावर. काकांनी विचारलंच, "याच्या छातीवर पाटी कसली?" मी म्हणालो, "कॉलेजचं ओळखपत्र." त्यांनी चहा टाकला, तर मी म्हणालो ॲसिडिटी आहे. टेलरनेही हात जोडून चहा नाकारला. "दोघांनाही ॲसिडिटी? एकाच मेसला जेवता वाटतं!" काका हसले आणि आमच्यापुढे ताक ठेवलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बुटाच्या खोक्यावर त्यांनी देव मांडले होते, छोटा गणपती आणि काकूंचा फोटो. काकू होत्या तोवर आपण गॅस कधी पेटवला नव्हता, असं सांगत ते थालीपीठ थापायचे, आणि ते नेहमी एका बाजूला जाड व्हायचं. खाताना एसटीतले किस्से. एकदा म्हणाले, "खोटा पास मी हातात न घेता ओळखायचो. माणूस बसतो कसा त्यावरून. खोटा पासवाला खिडकीबाहेर बघत बसतो." मी त्या वेळी खिडकीबाहेरच बघत होतो.

येशूचं नाव मी त्या घरात एकदाही काढलं नाही. सोमवारच्या पत्रात मात्र प्रमुखांना लिहिलं, एका मराठी कुटुंबाला शिकवतोय. त्यांचं उत्तर आलं, की तुझ्या मातृभाषेसाठीच देवाने तुला तिथे नेलं असेल. ते मी आईला ईमेलमध्ये उतरवून पाठवलं. आईने ते शेजारच्या मुलीकडून तीन वेळा वाचून घेतलं, असं तिने कळवलं. माझं खोटं असं भोसरीपर्यंत पोचलं. प्रार्थनेत डोळे मिटले की मला खुंटीवरचा कोट दिसायचा.

चौथ्या मंगळवारी काकांनी गोळ्यांची दोन पाकिटं आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यांना साखरेचा आजार होता. गावाकडून आणलेल्या गोळ्या संपत आल्या म्हणून मंदारदादा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते आणि नवीन गोळ्या मिळाल्या होत्या. रोज दादाच गोळी काढून द्यायचे, पण ते कामासाठी शुक्रवारपर्यंत बाहेरगावी होते. "त्याने जाताना सांगितलं होतं रे, ही घ्या, ती अशी. माझं लक्ष नातवाकडे. आता सूनबाईंना विचारलं तर त्यांना वाटणार, बाबांना विसर पडायला लागला. तू इंजिनिअर माणूस, बघ बरं जरा."

मी कागद हातात घेतला. आगगाडीएवढे लांब शब्द. जुन्या गोळीचं नाव होतं, नव्या गोळीचं होतं, आणि जुन्या नावापुढे एक शब्द होता, जो मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. शेजारी टेलर बसला होता, त्याला एका मिनिटात वाचता आलं असतं. त्याने विचारलंसुद्धा, "काही मदत?" पण त्याने वाचलं असतं तर जर्मन शिकलेल्या इंजिनिअरला हे का येत नाही, हे काकांना कळलं असतं. मी म्हणालो, "नाही, घरगुती पत्र आहे." आणि काकांना सांगितलं, "दोन्ही नावं आहेत काका. दोन्ही घ्यायच्या, सकाळी." अगदी ठाम आवाजात. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुटलो बाबा."

हे लिहिताना माझा हात थांबतो. मला येत नाही, हे तीन शब्द होते. ते बोलायला काही लागत नव्हतं.

बुधवारी आणि गुरुवारी त्या कागदावरचा तो शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. शब्दकोशात बघावा असं दहादा वाटलं, पण बघितला तर कळेल, या भीतीने बघितला नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही ट्रामने शहराच्या दुसऱ्या टोकाला निघालो होतो. काकांच्या घराचा थांबा आला तसा टेलर अचानक उठला. "उतरू या." मी विचारलं, का? म्हणाला, "माहीत नाही. तुझ्या काकांकडे जाऊ." मी म्हणालो, आज मंगळवार नाही, त्यांना आवडणार नाही. खरं म्हणजे मंदारदादा त्या दिवशी परतणार होते आणि टेलरच्या छातीवरचा बिल्ला त्यांनी पाहिला असता तर सगळं संपलं असतं. मी सीटवरच बसून राहिलो. टेलर माझ्याशी कधी वाद घालायचा नाही. त्या दिवशीही त्याने वाद घातला नाही, तो सरळ उतरला आणि फलाटावर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. आमचा नियम असा, की जोडीदाराला सोडता येत नाही. दारं मिटायला लागली तेव्हा मी चरफडत उडी मारली. मी आपणहून उतरलो नाही. मला उतरवलं गेलं.

काकांच्या नावाची घंटा दाबली. उत्तर नाही. पुन्हा दाबली. एरवी काका दुसऱ्या मिनिटाला जिन्यात येऊन "आलो, आलो" ओरडायचे. तेवढ्यात लेमानबाई बाजाराची पिशवी घेऊन आल्या. "पुन्हा तुम्ही!" मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, वरचे आजोबा दार उघडत नाहीत, मला भीती वाटते. त्या थांबल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग घाईत सुटलेल्या मफलरमधून दिसणाऱ्या बिल्ल्याकडे. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली आणि घरातून एक किल्ली घेऊन आल्या. मंदारदादांनी अडीअडचणीला म्हणून ती त्यांच्याकडे ठेवली होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

काका स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. दोन्ही स्वेटर घामाने भिजलेले, नजर कुठेच नाही. मी हाक मारली तर पुटपुटले, "सुट्टे द्या... पुढे सरका..." त्यांनी मला ओळखलं नाही. लेमानबाईंनी एकदा त्यांच्या कपाळाला हात लावला आणि टेबलावरच्या गोळ्या पाहिल्या. त्यांच्या यजमानांना हाच आजार होता, वीस वर्षं त्यांनीच बघितलं होतं. टेलरला म्हणाल्या फोन कर, मला म्हणाल्या साखर. साखरेचा डबा मला सापडेना, पण गुळाचा डबा कुठे ते चार मंगळवारांत कळलं होतं. मी तो पुढे केला. त्यांनी संशयाने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "त्सुकर," म्हणजे साखर. त्यांनी बोट ओलं करून गूळ चोळला आणि काकांच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर लावत राहिल्या, एका हाताने त्यांचं डोकं धरून. गुडघे टेकून. आम्हाला जिन्यातून हाकलणाऱ्या त्या बाईंना मी असं गुडघ्यावर बसलेलं पाहिलं आणि इतके महिने मी काय म्हणून गुडघे टेकत होतो, असं मनात आलं.

रुग्णवाहिका आली. डॉक्टरने सुई लावली, थोड्या वेळाने काकांनी डोळे उघडले. डॉक्टर गोळ्यांचं नवीन पाकीट बघून काहीतरी लिहीत होता. जुनं पाकीट भांड्यांच्या मागे सरकलं होतं. ते फक्त मला दिसत होतं. खोलीत सगळ्यांना वाटत होतं, म्हाताऱ्याने काही खाल्लं नसेल, म्हणून झालं. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. मी ते पाकीट काढून डॉक्टरच्या हातात दिलं. "हीसुद्धा. तीन दिवस. दोन्ही." त्याने विचारलं, असं कोणी सांगितलं? जर्मनमध्ये 'मी' हा फार छोटा शब्द आहे. तो माझ्या तोंडून निघाला. "इश. मला वाचता येत नव्हतं, तरी मी सांगितलं."

डॉक्टर चिडला नाही. त्याने लगेच कुणाला तरी फोन केला. नंतर हॉस्पिटलात आम्हाला समजावून सांगण्यात आलं, की कागदावरच्या त्या शब्दाचा अर्थ 'बंद करा' असा होता, दोन्ही पाकिटांत एकच औषध होतं, आणि ते अंगात फार वेळ राहतं. साखर वर आली असं वाटून घरी सोडलं असतं तर ती पुन्हा घसरली असती आणि तेव्हा जवळ कोणी नसतं. म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. यातलं काय आपोआप घडलं आणि काय कोणी घडवलं, हे मला सांगता येणार नाही. मी घडलं तसं लिहितोय.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये टेलरने किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेली तेलाची छोटी डबी काढली. आमच्यात आजाऱ्याची इच्छा असेल तर दोघे मिळून त्याच्या डोक्याला तेल लावून प्रार्थना करतात. तो म्हणाला, काकांना विचारू या? मी म्हणालो, मी माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवू शकत नाही. आणि तिथेच सगळं सांगितलं. युनिव्हर्सिटी, ओळखपत्र, कोट, कागद. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू त्यांना शिकवत नाहीस हे मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, तुमच्यात जीझसला काय म्हणतात. तू सांगितलंस, येशू. चार मंगळवार मी वाट पाहिली. एकदाही ऐकू आलं नाही." मी विचारलं, मग तू काहीच का बोलला नाहीस? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तिथे तू जेवायचास."

दुपारी मंदारदादा आले, हातात अजून प्रवासाची बॅग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिल्ला वाचला. "तू डॉक्टर आहेस? इंजिनिअर आहेस? कोण आहेस तू नक्की?" त्यांनी बॅग खाली ठेवली. "माझ्या वडिलांचा जीव गेला असता. कळतंय का तुला?" कळत होतं. "पुन्हा आमच्या घरी दिसू नकोस." बरोबरच बोलले ते. त्या सोमवारी मी प्रमुखांना खरं पत्र लिहिलं आणि आईलाही. आईचं पत्र वाचणारी शेजारची मुलगीच होती, त्यामुळे तिलाही कळलं. कळू दे म्हटलं.

बुधवारी आमचा फोन वाजला. मंदारदादा होते, आवाज कोरडा. "बाबा घरी आलेत. तुला बोलावतायत. मला हे मान्य नाही, पण ते ऐकत नाहीत."

या वेळी मी कोट खुंटीला लावला नाही. काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. दादा दारात हाताची घडी घालून उभे. काकांनी मला जवळ बसवलं आणि बिल्ला बोटाने धरून तिकीट तपासावं तसं एकेक अक्षर वाचलं. "एल्डर म्हणजे काय रे?"

"वडीलधारा."

"वय किती तुझं?"

"एकवीस."

"एकवीस वर्षांचा वडीलधारा! आणि शिक्षण? आता खरं सांग."

"नववी. नापास. दोनदा."

"मी सातवी," काका म्हणाले. "हे आपण पहिल्याच दिवशी बोललो असतो तर केवढ्या गप्पा झाल्या असत्या." डोळे भरले होते त्यांचे. "चौतीस वर्षांत खोटा पास माझ्या हातून सुटला नाही. तुझा कसा सुटला ते सांगू? बोलणारं माणूस भेटलं की म्हातारा पास बघत नाही." मला रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं. क्षमा केली असं काही ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "तो तुझा उंच साहेब हॉस्पिटलात तेलाची डबी घेऊन बसला होता म्हणे. तुमच्या देवाला काय सांगतात ते सांग की. माझ्या देवांना चालेल. फक्त मराठीत सांग, मला कळलं पाहिजे."

आतापर्यंत मी मोठ्याने मराठीत प्रार्थना केलीच नव्हती. आधी इंग्रजीत शिकलो, मग जर्मनमध्ये, दोन्ही पाठ. मी आणि टेलरने काकांच्या डोक्यावर हात ठेवले. पाचच दिवसांपूर्वी या डोक्यात माझ्या शब्दाने अंधार केला होता. तोंड उघडलं तर एकही पाठ केलेलं वाक्य आलं नाही. "देवा, येशूच्या नावाने सांगतो, मला काही येत नाही," एवढंच आलं. "माझं चुकलं. काकांना सांभाळ." पुढे शब्द नव्हते. मी नुसता हात ठेवून उभा राहिलो. आणि त्या गप्प बसण्यात, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मला वाटलं की कोणीतरी ऐकतंय. त्याला मी इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. चांगला मिशनरी असण्याचीही नव्हती. काका हळूच म्हणाले, "झालं? बरी होती. लहान होती." दारात बघितलं तर मंदारदादा तिथे नव्हते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि थोड्या वेळाने ते दोन पेले घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पेल्यात चहा नव्हता, ताक होतं.

काका मे महिन्यात कराडला परत गेले. माझी बदली दुसऱ्या शहरात झाली, टेलर त्याच्या घरी गेला. लेमानबाईंना मी निघायच्या दिवशी भेटायला गेलो. त्यांनी जिन्यातच माझ्या हातात गुळाचा एक खडा ठेवला, काकांनी त्यांना अख्खी ढेप देऊन ठेवली होती. आजही देवाधर्माचं त्या काही ऐकून घेत नाहीत. मी सांगायलाही गेलो नाही. त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं राहिलं होतं?

हे मी सोमवारी लिहितोय, कपडे मशीनमध्ये फिरतायत. माझे इथले तीन आठवडे उरलेत. मी काही धीट झालो नाही. ट्राममध्ये मराठी ऐकू आलं की अजून हात आपोआप मफलरकडे जातो. मग आठवतं, आणि हात खाली घेतो. कधी मला कोणी काही विचारतं आणि ते मला येत नसतं, तेव्हा मी लगेच सांगतो, मला येत नाही, आपण कोणाला तरी विचारू. लाज वाटते. पण हे वाक्य म्हणताना दर वेळी काकांचं डोकं माझ्या हाताखाली असल्यासारखं वाटतं, केस विरळ, कपाळ कोमट, जिवंत. देवा, ते डोकं कोमट ठेवलंस. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.